गिटारचा सातबारा

भाऊसाहेबांनी साठी उलटल्यावर इलेक्ट्रिक गिटार घेतली, याचं आमच्या कॉलनीत कोणाला फारसं नवल वाटलं नाही. त्या गिटारचा सातबारा तयार केला, याचंही नाही. लोक दचकले ते ‘इतर हक्क’ या रकान्यात जिमी पेज हे नाव वाचून. नावापुढे स्वच्छ अक्षरात ‘रा. इंग्लंड, धंदा वादन’ अशी नोंद होती आणि शेजारी शिसपेन्सिलीने ‘पूर्ण पत्ता बाकी’.

भाऊसाहेब म्हणजे तलाठी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण तलाठी निवृत्त होतो तो फक्त पगारातून. तुमच्याही ओळखीत यांचा कोणीतरी भाऊबंद असणारच. त्याच्या घरात साधी वस्तू नसते. अडकित्ता कुठल्याशा सरदाराच्या दिवाणजींचा, आरामखुर्ची देवळालीच्या गोऱ्या साहेबाची. आपण चहाचा कप उचलला की “सांभाळून हं, याचा जोडीदार कुठे आहे माहीत आहे का?” असा प्रश्न येतो आणि उत्तर संपेपर्यंत चहावर साय धरते. नाशकात ही जमात जरा जास्त आहे, पण त्यात तिचा दोष नाही. ज्या गावाचं नाव म्हणे इथे कापलेल्या एका नाकावरून पडलं, जिथे रिक्षावाला वडाच्या झाडांकडे बोट करून “हीच ती पंचवटी” म्हणतो आणि सीतागुंफेत वाकून शिरताना कोणी उतारा मागत नाही, त्या गावात वाढलेल्या माणसाला वस्तूपेक्षा वस्तूची कूळकथा मोठी वाटणारच. भाऊसाहेब एवढ्यावर थांबत नाहीत, हा त्यांचा दोष. ते नोंद करतात.

वडलांची बजाज स्कूटर त्यांच्या नावावर झाली ती आरटीओत नंतर, घरच्या वहीत आधी: वारसनोंद, तीन बहिणींच्या हक्कसोडपत्रासह. वहिनींचा मिक्सर हप्त्यावर घेतला तेव्हा त्यावर दुकानदाराचा बोजा चढला आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर बोजा कमी केल्याचा फेरफार पडला. मी एकदा त्यांच्याकडून शिडी नेली. चार दिवसांनी परत करायला गेलो तर वहीत माझं नाव कब्जेदार सदरी चढवलेलं. ते कमी करायला मला लेखी अर्ज द्यावा लागला, आणि अर्जावर तारीख नाही म्हणून तो एकदा परतही आला.

अशा माणसाच्या हाती ती गिटार लागली.

देवळाली कॅम्पला, लॅम रोडच्या आतल्या अंगाला एका कौलारू बंगलीत एक म्हातारे गोवेकर राहतात. सगळा परिसर त्यांना अंकल म्हणतो. तरुणपणी ते मुंबईत वाजवायचे, आधी हॉटेलांत आणि लग्नांत, मग सिनेमाच्या स्टुडिओंत. कुंपणाच्या भिंतीवरून त्यांचा शेजाऱ्याशी वाद होता आणि जुने नकाशे वाचता येणारा माणूस म्हणून कोणीतरी भाऊसाहेबांना नेलं. भाऊसाहेबांनी टेप लावली, खुणेचा दगड शोधायला म्हणून खाटेखाली वाकले (खुणेचा दगड खाटेखाली का असेल, हे विचारायचं नाही) आणि तिथे त्यांना एक काळी पेटी दिसली. पेटीत मधे पिवळी, कडेला काळपट तांबडी होत गेलेली इलेक्ट्रिक गिटार. तिच्या माथ्यावर, खुंट्यांच्या मधे, इंग्रजीत जी, आय आणि बी अशी तीन अक्षरं शाबूत. पुढची घासून गेलेली.

भिंतीचा वाद आजतागायत तसाच आहे.

त्या तीन अक्षरांची किंमत आधी सांगायला हवी. अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलामझू नावाचं गाव आहे. तिथे १९०२ साली गिब्सन कंपनी उभी राहिली. त्यांनी १९५२ साली लेस पॉल नावाचं मॉडेल बाजारात आणलं. त्याच मॉडेलच्या १९५८ ते १९६० या काळातल्या, अशाच पिवळ्यातून तांबड्यात जाणाऱ्या रंगाच्या गिटारींना आज बंगल्याची किंमत येते. हे सगळं भाऊसाहेबांना नातवाने फोनवर दाखवलं. दुसरी बाजू नातवाने दाखवली नाही, म्हणून ती मी दाखवली. “भाऊसाहेब, जी-आय-बी म्हणजे गिबटोनसुद्धा असू शकतं. आपली देशी गिटार. कॉलेजच्या पोरांच्या खांद्यावर असते ती.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे चुकीच्या गटात विहीर खणून बसलेल्या शेतकऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

“नावातली अक्षरं गेली म्हणून मालक बदलत नाही,” ते म्हणाले. “हा लेखनप्रमाद. कलम १५५ खाली दुरुस्त होतो.”

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधलं कलम १५५ खरोखरच लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचं आहे. ते कॅलामझूला लागू होतं का, हे विचारायची सोय राहिली नाही. कारण तोवर ते खरेदीखताच्या मसुद्याकडे वळले होते.

खरेदीखत स्टॅम्पपेपरवर झालं. “स्टॅम्पपेपर आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, आणि आपणच कोऱ्या कागदावर व्यवहार करायचे?” हा त्यांचा नेहमीचा सवाल. सारा देश ज्या गावाच्या कागदावर सह्या करतो त्या गावाने तोंडी बोलू नये, असं त्यांचं मत आहे. पंच म्हणून मला नेलं. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता आणि वाचूनही स्वतःच दाखवला. ‘चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस खुंट्या सहा, पैकी एक बदललेली. पश्चिमेस पट्टा अडकवण्याचे बटण. दक्षिणेस आवाज कमीजास्त करण्याचे कान चार. उत्तरेस मोकळी जागा.’ अंकल डोळे मिटून ऐकत होते. त्यांना मराठी चांगलं येतं, पण असलं मराठी कोणालाच येत नाही. मधेच त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “विकतो मी. पण वाजवायला पायजे तेवा वाजवणार.”

खोलीत शांतता. कुठलाही साधा गिऱ्हाईक इथे उठला असता. वस्तू विकत घ्यायची, पैसे मोजायचे आणि वापर विकणाऱ्याने करायचा? भाऊसाहेबांचा चेहरा मात्र उजळला. नोकरीत आयुष्यभर त्यांनी ज्या गुंत्यावर प्रेम केलं तो गुंता चालून आला होता. त्यांनी पेन उघडलं आणि समासात लिहिलं: ‘सदर मिळकतीवर विकणार यांचा वहिवाटीचा हक्क अबाधित राहील. वहिवाट दर रविवारी, प्रार्थनेनंतर.’

ताबापावती झाली. येताना गाडीत गिटार मागच्या सीटवर, पट्टा लावून. मी डिकीत सामानापाशी जवळपास.

आता भाऊसाहेबांना गिटार वाजवता येते का? नाही. त्यांना बुलबुलतरंगही येत नाही. शिवाय इलेक्ट्रिक गिटार ही नुसती छेडून उपयोगाची नसते. तारांखाली चुंबक असतं, त्याला केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत बारीकशी वीज उपजते आणि ती अँप्लिफायरने मोठी केली की आवाज. अँप्लिफायर नसेल तर मोठ्यातली मोठी ऐतिहासिक गिटार डास गुणगुणल्याइतकीच ऐकू येते. भाऊसाहेबांनी महिनाभर ती तशीच गुणगुणू दिली. गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. त्यात गिटारसमोर त्यांनी प्रामाणिकपणे ‘पड’ असं लिहिलं होतं. वहिनींनी ते वाचलं आणि “पैसे किती गेले ते कोणत्या नमुन्यात?” एवढंच विचारलं.

पण येणाऱ्याजाणाऱ्याला सुटका नव्हती. गिटार दाखवायची म्हणजे आधी फाइल दाखवायची. फाइलीत पहिलं पान सूची, दुसरं सातबारा, मग फेरफार. पाहुणा पेटीकडे हात नेऊ लागला की “थांबा, अजून चौदा पानं आहेत.” सुला वायनरीच्या महोत्सवात वाजवून आलेला एक केसाळ, अत्यंत नम्र मुलगा फक्त एकदा हातात धरू द्या म्हणून आला होता. त्याच्याकडून आधार कार्डाची छायांकित प्रत मागितली. मुलाने दिलीही! मग भाऊसाहेबांना त्याचा एवढा कळवळा आला की त्यांनी त्याला फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली.

कॅनडा कॉर्नरजवळ शिकवण्या घेणारा एक मुलगा मात्र जाणकार निघाला. त्याने दोन स्क्रू काढून पिकअप उचलला. गिब्सनच्या पिकअपची एक मोठी गंमत आहे. आधीचे पिकअप विजेची घरघर पकडायचे. कंपनीतल्या सेथ लव्हर या कारागिराने पन्नासच्या दशकात दोन वेटोळी उलटसुलट जोडून घरघरीने घरघर मारली. पेटंटसाठी अर्ज गेला आणि तोवर पिकअपच्या पोटाला चिठ्ठी डकवली गेली, ‘पेटंटचा अर्ज केला आहे’ अशी. पेटंट १९५९ साली मिळालं. चिठ्ठ्या त्यानंतरही काही वर्षं लागतच राहिल्या. आज जगात सगळ्यात महाग पिकअप तेच, ज्यांच्या पोटावर ती चिठ्ठी आहे. हे ऐकल्यापासून भाऊसाहेबांना अमेरिका आपली वाटू लागली. “म्हणजे तिकडेही अर्ज निकाली निघाला तरी टेबलावरची फाइल हलत नाही,” ते सद्गदित होऊन म्हणाले.

आमच्या पिकअपखाली ती चिठ्ठी नव्हती. उंची जमवायला कोणीतरी घडी करून सारलेला विडीच्या बंडलाचा कागद होता.

मी हसू दाबत होतो. मुलगा खाली बघत होता. भाऊसाहेबांनी कागद चिमट्याने उचलला, उजेडात धरला आणि गंभीरपणे प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला. “सिन्नर,” ते म्हणाले. “सिन्नरची विडी. म्हणजे गिटारचा जिल्ह्याशी संबंध आपण समजत होतो त्याहून जुना आहे.”

त्या दिवसापासून फाइल जाडच होत गेली, कारण जगभरातले दाखले तिला पोचू लागले. गिटारवादक डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ साली न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. भाऊसाहेबांनी डॉलरचे रुपये केले, रुपयांचे गुंठे केले, गंगापूर रोडचे गुंठे महाग पडतात म्हणून ते दिंडोरीकडे नेले आणि तिथे द्राक्षाची बाग लावून मोकळे झाले. त्या गिटारची मान, पिकअप, कितीतरी भाग वेळोवेळी बदललेले होते, असं मी सांगितलं. “पिकं बदलतात हो. जमीन तीच ना?” लिलावाचा पैसा गिलमोरने पर्यावरणाच्या कामाला देऊन टाकला हे कळल्यावर त्यांनी मान डोलावली. “बक्षीसपत्र. स्वच्छ व्यवहार.”

पॉल मॅकार्टनीच्या बास गिटारने तर त्यांना झोप लागू दिली नाही. ती त्याने १९६१ साली हँबर्गमध्ये तीसेक पौंडांना घेतली होती. १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली आणि पन्नासहून जास्त वर्षांनी इंग्लंडमध्येच एका घराच्या माळ्यावर सापडली. मॅकार्टनीकडे परत आल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. “माळ्यावर!” भाऊसाहेबांनी मला सकाळी सहाला फोन करून सांगितलं. “आणि तुम्ही खाटेखालच्यावर शंका घेता.” मग आवाज खाली आणून, “बारा वर्षं बिनतक्रार कब्जा असता तर माळावाल्याचं नाव लागायला हरकत नव्हती. त्याने अर्जच केला नाही. साहेबलोक आळशी.”

पण खरा ताप होता फेरफारांचा. दर रविवारी ते गिटार घेऊन वहिवाटीला लॅम रोडला जायचे आणि सोमवारी मला जिन्यात गाठायचे. पहिलं वाक्य ठरलेलं. “त्यात आता थोडी दुरुस्ती आहे.”

जिमी पेजची नोंद अशीच एका रविवारची. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ साली मुंबईत आले होते हे खरं आहे. कुलाब्याला स्लिप डिस्क नावाच्या क्लबात त्यांनी स्थानिक पोरांची वाद्यं मागून घेऊन वाजवलं, हेही खरं. अंकलच्या सांगण्यानुसार त्या रात्री पेजच्या गळ्यात होती ती हीच गिटार. फेरफार मंजूर. पुढच्या सोमवारी दुरुस्ती: पेजने वाजवली नाही, प्लँटने खुर्चीवरून उचलून बाजूला ठेवली, कारण त्याला बसायचं होतं. त्यानंतरच्या सोमवारी: पेजने नुसती पाहिली आणि किंमत विचारली. पुढे एकदा असंही निघालं की त्या रात्री अंकल मुळात कुलाब्यात नव्हते, देवळालीला एका लग्नात वाजवत होते. गिटार मात्र कुलाब्यात होती.

“मग पेजचं नाव कमी करा,” मी म्हणालो.

“असं कमी होत नाही. एकदा नाव लागलं की त्याला नोटीस द्यावी लागते.”

मग गिटार सिनेमात शिरली. ‘हरे राम हरे कृष्ण’मधल्या ‘दम मारो दम’ची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे रसिकांना ठाऊक आहे. अंकल म्हणाले, भूपीने दोन दिवस हीच नेली होती. मी सावधपणे विचारलं की सिनेमा १९७१ चा, मग ही नोंद १९७२ च्या फेरफारानंतर कशी? भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, “नोंद उशिरा झाली म्हणजे घटना उशिरा घडली असं नाही. तुम्ही महसुलात असतात तर उपाशी मेला असतात.” त्याच्या मागून ‘कर्ज’ आला. १९८० च्या त्या सिनेमातली, ऋषी कपूरच्या हातात दिसणारी आणि प्रत्यक्षात गोरख शर्मांनी वाजवलेली गिटार अजूनही लग्नाच्या बँडला सोडत नाही. तिथे म्हणे ऐन वेळी तार तुटली आणि अंकलनी आपली पुढे केली. पुढच्या सोमवारी दुरुस्ती: गिटार नव्हे, नुसती तार दिली. भाऊसाहेबांनी त्या तारेचा पोटहिस्सा पाडला.

या सगळ्यावर मी एक दिवस खवळलो आणि माणूस किती खोटं बोलतो हे बघायला रविवारी त्यांच्याबरोबर गेलो.

मागच्या सीटवर गिटारशेजारी आता भद्रकालीतून आणलेला एक अजस्र व्हॉल्व्हचा रेडिओही होता. जुन्या रेडिओंना पाठीमागे ग्रामोफोन जोडायची भोकं असायची. तिथे गिटारची वायर खुपसली की गरिबाचा अँप्लिफायर होतो. आपल्याकडे परदेशी माल लायसन्सात अडकलेला असायचा तेव्हा कितीतरी पोरांनी असंच वाजवलं. रेडिओ तापायला वेळ लागला. तोवर अंकल भाऊसाहेबांकडे बघत म्हणाले, “तुमी कुंपणाचे साहेब ना? दगड सापडला?” भाऊसाहेबांनी “शोधतोय” म्हटलं. असं ते दर रविवारी म्हणतात, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

अंकलना भाऊसाहेब आठवत नाहीत. गिटार विकलेली आठवत नाही. कुठला सिनेमा कोणत्या साली आणि कोण कुठे होतं, हे त्यांच्या डोक्यात पत्ते पिसावेत तसं दर आठवड्याला नव्याने पिसलं जातं. बोटं वाकडी झालेली, जुना वेग नाही. रेडिओ घरघरू लागला आणि त्यांनी वाजवायला घेतलं. एखादा तुकडा वाजवायचे, थांबायचे आणि म्हणायचे, “हे त्याचं. इथं तो ट्रंपेट घ्यायचा.” मग नाव. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, ही मला माहीत असलेली नावं. बाकीची कुठेच न वाचलेली. बॅंजोवाला, चेलोवाला, बोंगोवाला. माहीमचा, डाबूलचा, साळगावचा. याला दमा, त्याची बायको ॲंग्लो, हा पैसे बुडवायचा. भाऊसाहेब मान खाली घालून भराभर लिहीत होते. नाव, गाव, वाद्य, कोणत्या गाण्यात कुठे. न ऐकू आलेलं नाव पुन्हा विचारत नव्हते. जागा कोरी ठेवत होते.

येताना मी गाडीत फाइल उघडली. गिटारची माहिती दीड पानात संपली होती. जिमी पेज, प्लँट, भूपिंदर हे वरच्या वर. त्यांच्याखाली पानामागून पानं नावं. ‘इतर हक्क, पुढे चालू’.

“हे सगळे गिटारचे मालक?” मी विचारलं.

“मालक कशाला? कुळं.” भाऊसाहेब समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. “तबकडीवर कोण असतं? गायक, संगीतकार, सिनेमाचं नाव. म्हणजे खातेदार. कसणारा कोण ते कुठे लिहिलंय? कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली. पण कोणाची? ज्याचं नाव पीकपाहणीला लागलं त्याची. ज्याचं लागलं नव्हतं त्याने तीस वर्षं नांगरली असली तरी तो कूळच नव्हता.”

मला त्यांच्याशी वाद घालायचा होता, पण मुद्दे त्यांच्याच बाजूचे आठवू लागले. पेज आणि प्लँटने मुंबईत १९७२ साली आपल्या वादकांना घेऊन केलेलं ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर आलं थेट २०१५ साली, आणि वाद्यवृंदाचं नाव काय, तर ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. (“सामाईक खातं,” भाऊसाहेब म्हणाले. “हिस्से अनिश्चित.”) प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस यांचं नाव देशभर झालं, पण ते १९७७ साली, अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन ते गायला तेव्हा. ‘अमर अकबर अँथनी’ पाहणाऱ्या कितीजणांना हा खरा माणूस आहे हे माहीत होतं? मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांवर बैठक मारून पुस्तक लिहिलं ते ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने, २००८ मध्ये. आपण तोवर कोणत्या गाण्याचा राग कुठला यावर दिवाळी अंक भरत होतो.

“अंकल म्हणतात त्यातलं अर्धं खोटं असेल,” मी म्हणालो. “आठवत नाही त्यांना.”

“असेल की. म्हणून तर रोज जात नाही, आठवड्याने जातो. तीनदा आलं ते नाव शाईने, एकदा आलं ते पेन्सिलने.” बिटको चौकात सिग्नल लागला. “नोकरीत असताना वरून सांगितलं म्हणून काही नावं मी लावली नव्हती. ती आता मला पाठ आहेत. उपयोग काय?” सिग्नल सुटला आणि त्यांनी पुढच्या रिक्षावाल्याला, त्याने कुठल्या हद्दीत रिक्षा चालवावी, यावर शुद्ध ग्रामीण सल्ला दिला.

माणूस तापदायक आहे, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. माझ्या नावावरची शिडी अजून वहीत आहे. कमी केल्याचा फेरफार झालेला असला तरी मूळ नोंद लाल शाईने खोडून वाचता येईल अशी ठेवलेली आहे. ते घरी आले की मी अजूनही बायकोला नवे कप आत ठेवायला सांगतो. पण मध्यंतरी पुण्याहून एक गृहस्थ जुन्या वाद्यांचा व्यापार करणारे आले, गिटार उलटीपालटी करून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि वर उपकार म्हणून ठीकठाक रक्कम देऊ केली. फाइल नको म्हणाले, नुसती गिटार. तेव्हा भाऊसाहेबांच्या आधी मीच “वहिवाट आहे हो तिच्यावर” असं जरा जोरात म्हणालो. का, ते विचारू नका.

सगळ्या नोंदी पुऱ्या झाल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे कॉलनीच्या फलकावर नोटीस लावली: ‘सदर मिळकतीबाबत कोणाची हरकत असल्यास १५ दिवसांचे आत लेखी कळवावी.’ इतकी वर्षं छळ सोसलेला मी, ही संधी सोडणं शक्य नव्हतं. मी सविस्तर हरकत दाखल केली. एक, गिटार गिब्सन नसून गिबटोन असण्याचा दाट संभव. दोन, जिमी पेज याचा मिळकतीशी संबंध शाबीत नाही. तीन, पोटहिस्सा पाडलेली तार प्रत्यक्ष जागेवर आढळत नाही. अर्जावर तारीख टाकली.

सुनावणी त्यांच्या दिवाणखान्यात झाली. मंडळ अधिकारी म्हणून वहिनी बसल्या होत्या, पोहे करता करता. माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेण्यात आलं. भाऊसाहेबांनी फक्त कलम १५७ वाचून दाखवलं: अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद कायदेशीर होईपर्यंत, खरी मानली जाते. मग विचारलं, “तुमच्याकडे विरुद्ध काही आहे? पुरावा?”

विडीचा कागद त्यांच्याच पाकिटात होता.

आदेश वहिनींनी तोंडी दिला, भाऊसाहेबांनी लिहून घेतला, माझी सही घेऊन त्याची प्रत मला दिली. ती समोरच आहे. ‘हरकत फेटाळण्यात येते. जिमी पेज यांचे नाव पेन्सिलने कायम. तार अंकल यांचे म्हणण्यानुसार, पुढील दुरुस्तीपर्यंत. हरकतदार यांस मिळकतीबाबत विशेष आस्था असल्याचे सुनावणीत दिसून आल्याने, पुढील रविवारपासून रेडिओ उचलून गाडीत ठेवणे व परत आणणे त्यांचेकडे राहील. पोह्यांचा खर्च ज्याचा त्याने सोसावा.’

रेडिओ फार जड आहे. या निकालावर प्रांताकडे अपील चालतं का, हे मी भाऊसाहेबांनाच विचारलं. चालतं म्हणाले, साठ दिवसांत. मसुदा ते स्वतः करून देतील.